हनोखच्या स्वच्छ तोंडाची गोष्ट

प्रवरेकाठी एक गाव आहे, आणि त्या गावात एक भोळा माणूस राहायचा. हनोख त्याचं नाव. चर्चची घंटा वाजवायचं काम त्याच्याकडं होतं. उरलेल्या वेळात तो वीटभट्टीवर जायचा. अंगानं धिप्पाड, मनानं निर्मळ, आणि डोक्यानं... डोक्याचं आपण पुढं बघूच.

हनोखला कुणी काही सांगितलं की तो म्हणायचा, "बरं." मग विसरू नये म्हणून ते घरी जाईपर्यंत घोकत राहायचा. आई म्हणाली, "दुधावर लक्ष ठेव," तर दूध उतू जाऊन चूल विझली तरी हा लक्ष ठेवून बसलेला. आई ओरडली तर म्हणाला, "पण लक्ष हललं नाही माझं."

गावात भाऊरावचं सलून होतं. तिथल्या बाकड्यावर रिकामी माणसं बसायची आणि चावट गोष्टी सांगायची. हनोखला त्यातलं काही कळायचं नाही. माणसं हसतात एवढं कळायचं. आणि माणसं हसली की त्याला फार बरं वाटायचं.

एकदा भाऊराव म्हणाला, "हनोख, ही नवी गोष्ट घे. कुठंही सांग, माणसं हसलीच पाहिजेत."

"कुठंही?"

"कुठंही."

"बरं."

नाताळ आला. चर्चच्या अंगणात सगळी मंडळी एकत्र जेवली. जेवणं झाल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "कुणाला गाणं म्हणायचं असेल, गोष्ट सांगायची असेल, त्यानं पुढं यावं." हनोख पुढं गेला.

ती गोष्ट मी इथं सांगणार नाही. एवढंच सांगतो, की तीत एक म्हातारी होती, बाजाराचा दिवस होता आणि जोराचा वारा सुटला होता.

गोष्ट संपवून हनोख लोक हसायची वाट बघत उभा राहिला. मागं दोन-चार पोरं खिदळली. बाकी सगळ्यांच्या नजरा दिनाआत्याकडं वळल्या. दिनाआत्या म्हणजे एकटी राहणारी म्हातारी, बाजारात मेथीच्या जुड्या विकायची. नाताळाच्या आधी भर बाजारात वावटळ आली आणि तिची फजिती झाली. सलूनमधली गोष्ट तिच्यावरूनच रचलेली होती. हे सगळ्या गावाला माहीत होतं. एका हनोखला सोडून.

दिनाआत्यानं ताटातला भात तसाच ठेवला, पदर सावरला आणि उठून घरी गेली. पुढच्या रविवारी ती चर्चला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

नेमके त्या दिवशी शेजारच्या गावचे शांतवन मास्तर जेवायला आलेले. ते हनोखला बघायला आले होते, आपल्या लेकीसाठी, केझियासाठी. जाताना ते हनोखच्या आईला, सगुणाबाईला म्हणाले, "बाई, मुलगा भोळा आहे हे तुम्ही आधीच सांगितलं होतं. भोळा चालेल मला. पण घाण तोंडाचा जावई नको. उन्हाळ्यापर्यंत बघतो. सुधारला तर पुढचं बोलू."

सगुणाबाई रडली. मग डोळे पुसून तिनं हनोखला पाळकसाहेबांकडं नेलं.

पाळकसाहेबांचं नाव अबनेर. माणूस भला. फक्त शिकवायची फार हौस.

"हनोख," ते म्हणाले, "प्रभूनं तोंड दिलंय ते आशीर्वाद द्यायला. लोकांच्या अंगावरून चावट बोलायला नाही. आजपासून कपड्याखालचं काही तोंडावर आणायचं नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"बरं," हनोख म्हणाला, आणि घोकत घरी गेला. कपड्याखालचं काही नाही. कपड्याखालचं काही नाही.

थोड्याच दिवसांनी त्याचा बाप शलमोन सरपणाच्या ढिगावर विडी ओढत बसला होता. ढिगात विंचू होता. शलमोननं अशी उडी मारली की विडी शेजाऱ्याच्या अंगणात गेली. हनोखनं बापाला बैलगाडीत पालथा घातला आणि सरकारी दवाखान्यात आणला. गाडी बाहेर उभी केली आणि आत पळाला.

"डॉक्टरीणबाई, बाबांना विंचू चावला!"

"कुठं?"

"सरपणाच्या ढिगावर."

"अहो, अंगावर कुठं?"

हनोखनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. म्हणाला, "कपड्याखाली."

"कपड्याखाली म्हणजे कुठं?"

"ते सांगता येत नाही. पाळकसाहेबांनी मना केलंय."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "पाठीवर का?"

"त्याच्या खालच्या आळीला."

"कमरेवर?"

"अजून पुढं. उताराला."

आता बाकड्यावरचे पेशंटही ओळखायला लागले. खोकला झालेला एकजण म्हणाला, "मांडी!" हनोख म्हणाला, "ओलांडून गेलात तुम्ही. मागं या." दात दुखणारी बाई गाल धरून हसायला लागली. कंपाउंडर औषधाची बाटली खाली ठेवून भिंतीला टेकला. ज्याचं नाव घ्यायचं नव्हतं, त्याच्यावरून आख्खा दवाखाना हसत होता.

एवढ्यात बाहेर गाडीतून शलमोन ओरडला, "अरे, कुल्ल्यावर! कुल्ल्यावर चावलाय, मुडद्या!"

हनोखनं दोन्ही कान झाकले. "बाबा, तोंड सांभाळा! देव ऐकतोय!"

"ऐकू दे! त्यानंच दिलाय तो!"

इंजेक्शन घेऊन, लंगडत लंगडत, शलमोन थेट पाळकसाहेबांच्या दारात गेला. आणि उभ्यानंच बोलला, कारण बसता येत नव्हतं. सगळं ऐकून पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला.

"हनोख, अरे, तुझा बाप बरोबर बोलला. अंग देवानंच घडवलंय. त्याचं नाव घेण्यात घाण काही नाही."

"मग घाण कशात आहे?"

पाळकसाहेबांनी जरा विचार केला. हनोखला कळेल असं सोपं सांगायचं होतं. "हे बघ. ज्या बोलण्यानं दुसऱ्याला मान खाली घालावी लागते, ते बोलणं घाण. तसं कुणी बोलायला लागलं की तिथल्या तिथं थांबवायचं. समोर कोण आहे ते बघायचं नाही."

"मोठा माणूस असला तरी?"

"कितीही मोठा असला तरी."

"बरं," हनोख म्हणाला, आणि घोकत घरी गेला. मान खाली गेली की थांबवायचं.

रविवार आला. हनोखनं घंटा वाजवली आणि मागच्या बाकावर बसला. गाणं झालं. मग पाळकसाहेब वेदीसमोर उभे राहिले, हात पसरले आणि म्हणाले, "बंधुभगिनींनो, आपण प्रार्थना करू या."

सगळ्या मंडळीनं मान खाली घातली.

हनोख बघतच राहिला. बायांनी मान खाली घातली होती. बाप्यांनी घातली होती. त्याच्या आईनंही घातली होती. तो ताडकन उठला.

"पाळकसाहेब, पुरे!"

पाळकसाहेबांनी डोळे उघडले. "काय झालं?"

"असं काय बोललात तुम्ही? आख्ख्या मंडळीला मान खाली घालायला लावलीत. माझ्या आईलासुद्धा!"

त्या रविवारी प्रार्थना झाली नाही. म्हणजे पाळकसाहेबांनी सुरू केली, पण मान खाली घातलेल्या माणसांचे खांदे हलायला लागले. ते बघून साहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी आशीर्वाद दिला आणि सगळ्यांना घरी पाठवलं.

हनोखला मात्र त्यांनी थांबवून घेतलं. "हनोख, मान राहू दे. तू माणसाचं तोंड बघ. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय, तो स्वतः मोकळेपणानं हसला, तर बोलणं निर्मळ. तो हसला नाही, तर काहीतरी चुकतंय. तिथं बोलणाऱ्याला गप्प करायचं. कळलं?"

"ज्याच्याबद्दल बोलणं, तो हसला पाहिजे."

"शाबास."

"बरं."

त्याच आठवड्यात योनाथानकाका वारले. योनाथानकाका म्हणजे जुने पोलीस पाटील. कडक माणूस. त्यांना बघून कुत्री रस्ता बदलायची. अंगणात त्यांची पेटी ठेवली होती, झाकण अजून उघडं होतं. आख्खं गाव जमलं होतं. पतपेढीचे चेअरमन भाषणाला उभे राहिले.

"योनाथानराव म्हणजे प्रेमळ माणूस," चेअरमन म्हणाले. "सदा हसतमुख. कधी कुणाला उणा शब्द बोलले नाहीत..."

हनोख गर्दीतून पुढं आला. पेटीवर वाकला. योनाथानकाकांचं तोंड नीट बघितलं. या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. मग चेअरमनसाहेबांच्या समोर जाऊन हात वर केला.

"थांबा, साहेब. तुमचं बोलणं चुकतंय. काका हसेनात."

चेअरमनसाहेबांचं तोंड उघडं ते उघडंच. पेटीशेजारी काकांची बायको तबिथाबाई बसली होती. सकाळपासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, नुसती दगडासारखी बसली होती. ती हनोखकडं बघत राहिली. आणि एकदम फिसकन हसली.

"अरे बाबा," ती म्हणाली, "ते जिवंतपणी कधी हसले नाहीत. आता कुठनं हसतील?"

एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. खूप रडली. हसत होती आणि रडत होती. बायांनी तिला धरलं. तिला धरणाऱ्यांत एक उंच, सावळी मुलगी होती. तीच केझिया. तबिथाबाई तिची सख्खी मावशी. केझियानं पदरानं मावशीचं तोंड पुसलं आणि मग मान वळवून हनोखकडं नीट बघितलं. हा अजूनही काकांच्या तोंडाकडं आशेनं बघत होता.

पाळकसाहेबांनी त्याचा दंड धरला आणि त्याला गोठ्यामागं नेलं. "हनोख! आता ऐक. पुढं कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. चर्चमध्ये नाही, बाहेर नाही. कुणी विचारलं तरच बोलायचं."

"कुणी विचारलं तरच."

"हो."

"बरं."

ईस्टरचा रविवार उजाडला. चर्च खचाखच भरलं होतं. उपासनेच्या आधी पाळकसाहेब घाईघाईनं मागच्या मोरीकडं जाऊन आले आणि हात पुसत पुढं गेले. त्यांचा पांढरा झगा मागून पँटमध्ये खोचला गेला होता. आणि त्या खोचाखोचीत पँटही जरा खाली आली होती. झगा वर, पँट खाली, आणि मधल्या मोकळ्या जागेत निळ्या पट्ट्यापट्ट्यांची चड्डी.

हनोख घंटेच्या दोरीपाशी उभा होता. साहेब त्याच्यासमोरूनच गेले. त्यानं सगळं बघितलं. आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

पाळकसाहेब मंडळीकडं तोंड करून उभे होते तोवर ठीक होतं. मग ते वेदीकडं वळले. मागं खसखस पिकली. साहेबांना वाटलं, पुनरुत्थानाचा सण आहे, मंडळी आनंदात आहे. त्यांनाही उत्साह आला. ते पुन्हा वळले. पुन्हा खसखस. मग तर ते हात उंच करून वळले, तशी आणखी एक पट्टी दिसली. पुढच्या बाकावरची पोरं बाकाखाली गेली. शेवटी त्यांच्या बायकोनं उठून भर उपासनेत त्यांचा झगा खाली ओढला.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब लाल तोंडानं घंटेपाशी आले. "हनोख, तू बघितलं होतंस?"

"हो, साहेब."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

संध्याकाळपर्यंत भाऊरावच्या सलूनमध्ये नवी गोष्ट तयार होती. तीही मी सांगणार नाही. तीत एक पाळक होता.

पाळकसाहेब दुसऱ्या दिवशी दाढी करायला सलूनकडं निघाले. दारापर्यंत पोचले तर आत हशा चालला होता. ते दिसले आणि हशा एकदम थांबला. सगळे जमिनीकडं बघायला लागले, भाऊराव वस्तरा पाजळायला लागला. साहेब दारातूनच परत फिरले. पाठीमागं कुणीतरी हळूच "पट्टेवाला" म्हणालं आणि पुन्हा हसणं फुटलं. घरी जाऊन त्यांनी स्वतःच दाढी केली आणि हनुवटीला कापून घेतलं. पुढं कितीतरी दिवस ते बाजाराच्या रस्त्यानं गेलेच नाहीत. मागच्या गल्लीनं जायचे.

त्या गल्लीत दिनाआत्याचं घर होतं. दार लोटलेलं. बाहेर मेथीच्या जुड्या सुकून पडलेल्या. बाजारात बसायचं तिनं सोडलं होतं.

पाळकसाहेब त्या दारासमोर थांबले. नाताळापासून आपण हनोखला शिकवतोय, त्यांच्या मनात आलं. या म्हातारीच्या घरी मात्र एकदाही आलो नाही. ते तसेच वळले, वीटभट्टीवर गेले आणि हनोखला सोबत घेऊन आले.

"सलाम, दिनाआत्या."

"सलाम, साहेब. या. हा पण आलाय का?"

हनोख गप्प. कुणी विचारलं नव्हतं ना. म्हणजे दिनाआत्यानं विचारलं होतं, पण साहेबांना.

पाळकसाहेब चटईवर बसले. हनुवटीवरच्या जखमेला हात लावत म्हणाले, "आत्या, मी फार उशिरा आलो. मला माफ करा."

दिनाआत्यानं चटईची दुमडलेली कड सरळ केली. मग म्हणाली, "साहेब, गोष्टीचं काही नव्हतं हो. वाऱ्यानं लुगडं उडालं, उडालं. घरी येऊन मीच हसले असते. पण तुम्ही सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं ना, तेव्हा मी म्हातारी बाई राहिलेच नाही. नुसतं उडालेलं लुगडं झाले."

हनोखला ते समजलं. त्याला पहिल्यांदाच काहीतरी लगेच समजलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि विचारलं नव्हतं तरी तो बोलला, "आत्या, ती तुम्ही होतात?"

"मग कोण, वेड्या?"

"मला वाटलं, गोष्टीतली म्हातारी आहे."

दिनाआत्यानं त्याच्याकडं बघितलं. आणि तिचा राग गेला. राग ठेवायला समोर जागाच नव्हती. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "हे बघ, लेकरा. गोष्टीतल्या म्हाताऱ्या पण कुणाच्या तरी आया असतात. बोलायच्या आधी आपल्या आईकडं बघायचं. जे आईला म्हणता येणार नाही, ते कुणालाच म्हणायचं नाही."

"आईला म्हणता येणार नाही, ते कुणालाच नाही."

"कुणालाच नाही."

पाळकसाहेबांनी मान डोलावली. इतका सोपा धडा आपल्याला कसा सुचला नाही, असं त्यांना वाटलं.

"बरं," हनोख म्हणाला.

आणि खरंच त्याचं तोंड सुधारलं. सलूनमध्ये कुणी चावट गोष्ट सांगितली की तो विचारायचा, "भाऊराव, ही तुमच्या आईला सांगून येऊ का?" आणि खरोखरच निघायचा. भाऊराव वस्तरा टाकून त्याच्यामागं पळायचा. हळूहळू सलूनमधल्या गोष्टी कमी झाल्या. दिनाआत्या पुन्हा बाजारात बसायला लागली. उन्हाळा आला. शांतवन मास्तरांनी चौकशी केली, सगळ्यांनी चांगलं सांगितलं. तरी मास्तरांचा जीव धजेना. तेव्हा केझियाच म्हणाली, "बाबा, मावशीला रडवायला गावात कुणाची छाती झाली नाही, त्यानं रडवलं. मला हाच हवा."

लग्नाचा दिवस ठरला.

चर्च फुलांनी सजवलं होतं. पुढच्या बाकावर सगुणाबाई नव्या लुगड्यात, शेजारी शलमोन, त्याच्या शेजारी दिनाआत्या. हनोख कोट घालून उभा होता आणि घामानं निथळत होता. केझिया पांढऱ्या साडीत, डोक्यावर जाळीचा पडदा. पाळकसाहेबांनी झगा मागून पुढून चाचपून बघितला आणि सुरुवात केली.

गाणं झालं. वचन झालं. मग साहेब म्हणाले, "हनोख, माझ्यामागं मोठ्यानं म्हण. 'केझिया, मी तुला माझी बायको म्हणून पत्करतो.'"

हनोखनं तोंड उघडलं. मग त्याला धडा आठवला. बोलायच्या आधी आईकडं बघायचं.

त्यानं आईकडं बघितलं.

आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"म्हण, हनोख."

"साहेब, नाही म्हणता येत."

चर्चमध्ये कुजबुज झाली. शांतवन मास्तर अर्धे उठले. सगुणाबाईनं छातीवर हात ठेवला.

"का नाही म्हणता येत?" पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले. "तुला केझिया नको आहे का?"

"हवी आहे. फार हवी आहे. पण हे घाण बोलणं आहे, साहेब. हे आईला म्हणता येणार नाही."

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. दिनाआत्यानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मास्तरांचा आवाज आला, "चल, केझिया, घरी चल."

केझिया काही हलली नाही.

हनोखनं केझियाकडं बघितलं. ती जाईल की काय, अशी त्याला भीती वाटली. त्यानं मास्तरांकडं बघितलं. पुन्हा आईकडं बघितलं. आयुष्यात कधी केला नव्हता एवढा विचार केला. डोक्यावरून घामाची धार लागली. आणि मग त्याचं तोंड उजळलं. निर्मळ बोलणं सापडलं होतं. आईसमोर, देवासमोर, मंडळीसमोर, कुणाहीसमोर म्हणता येईल असं. त्यानं छाती भरून श्वास घेतला, आणि घंटेसारख्या आवाजात म्हणाला,

"केझिया, मी तुला माझी आई म्हणून पत्करतो!"

कौलांवरची कबुतरं उडाली. पाळकसाहेब वेदीला धरून खाली बसले. शलमोन म्हणाला, "यापेक्षा विंचू बरा होता."

केझियानं तोंडावरचा पडदा वर केला. आधी तिचे खांदे हलले, मग ती इतकी हसली की हातातली फुलं खाली पडली. हसता हसता तिनं कमरेचा रुमाल काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"बरं, बाळा," ती म्हणाली. "आता आधी तोंड पूस. मग माझ्याकडं बघ, आणि नीट म्हण. तुझ्या आईला बाहेर उभी करते मी थोडा वेळ."